मिटलेले ओठ

मूर्तिकारांच्या गल्लीत भगवंतांना चेहरा सगळ्यात शेवटी मिळतो. आधी मांडी, मग हात, मग चीवराच्या चुण्या, सगळं जिथल्या तिथं झालेलं असतं. खांद्यावर मात्र नुसता चौकोनी धोंडा. गिऱ्हाईक येणार, कुठल्या धाटणीचा चेहरा हवा ते सांगणार, मग मास्तर छिन्नी उचलणार. तोवर हे बिनचेहऱ्याचे भगवंत मंडालेच्या पांढऱ्या धुळीत रांगेनं बसलेले असतात आणि त्यांच्या थंडगार मांडीवर गल्लीतली मांजरं झोपा काढतात.

दॉ न्वेयीला ते तसेच आवडत. निदान कुणासारखे दिसत तरी नाहीत, असं ती म्हणे.

लग्न होऊन ती या गल्लीत आली तेव्हापासून घासकाम करत होती. छिन्नी पुरुषांची, पाणी आणि पाणकागद बायकांचा, अशी इथली वाटणी. पुरुष आकार देतात, पान थुंकतात आणि चहाच्या दुकानात जाऊन बसतात. झळाळी आणायची ती बायकांनी, उकिडवं बसून, बोटांची सालं काढून. दॉ न्वेयीचा नवरा गेला, गुडघे गेले, काम तेवढं राहिलं.

तिचे नेम मात्र कधी चुकले नाहीत. उजाडायच्या आधी घरच्या फळीवरच्या भगवंतांपुढं पाण्याचे पेले मांडायचे, ताजी फुलं वाहायची, माळ ओढायची. उपोसथाच्या व्रताच्या दिवशी दुपारनंतर अन्नाचा कण नाही. खोटं बोलायचं नाही, शिवी द्यायची नाही, अंगावर चढलेली मुंगीदेखील फुंकर घालून बाजूला करायची. आवाज इतका मऊ की शेजारी बसून घासणाऱ्या तांदालासुद्धा "काय म्हणालात, मावशी?" असं दोनदा विचारावं लागे.

खोड एकच. कुणाचं काही पटलं नाही की ती ओठ घट्ट मिटून घेई, कोपरे खाली जात, आणि मग त्याच मऊ आवाजात ती म्हणे, "पुण्य आहे हो. मोठं पुण्य आहे." ज्याला उद्देशून म्हणे त्याला पुढं दिवसभर अन्न गोड लागत नसे.

पावसाळा सरायच्या सुमारास गल्लीच्या तोंडाशी एक मोठी गाडी अडकली. तिच्यातून आधी अत्तराचा वास उतरला, मग नापीचा, मग ऊ तुनशेन, आणि शेवटी बांगड्या सावरत त्याची बायको दॉ किन्मो. इथं मोठ्या माणसाच्या नावाआधी मानानं ऊ लावतात, बाईच्या दॉ. ऊ तुनशेनचा नापीचा कारखाना होता. कोळंबी मिठात चिरडायची, उन्हात कुजवायची आणि तो गोळा देशभर विकायचा. नापी घरोघरी लागते, दॉ न्वेयीच्या घरीही उपासाचे दिवस सोडले तर लागायचीच. पण खाणारा वेगळा आणि रोज पिंपानं जीव चिरडणारा वेगळा, असं तिचं मत होतं. असल्या माणसाला पन्नाशी उलटली की झोप येईनाशी होते. मग तो या गल्लीत येतो.

"हा केवढ्याला?" ऊ तुनशेननं एका पुरुषभर उंचीच्या मूर्तीकडं हनुवटीनं दाखवत विचारलं.

"साहेब, भगवंत आहेत ते," मूर्तिकार लाफे मास्तर म्हणाला. "भोपळा नाही. आपण यांना न्यायला आलात, असं म्हणायचं."

"तेच हो. न्यायला आलो. केवढ्याला नेऊ?"

तांदानं तोंडावर ओला कागद धरून हसू दाबलं. दॉ न्वेयीनं वर बघितलंच नाही. तिला गाडी गल्लीत वळली तेव्हाच सगळं कळलं होतं. मूर्ती बसवली की माणसाला फयातगा म्हणतात. गावात, लग्नात, मयतीत, पत्रिकेवर नावाच्या आधी. नापीवाला तुनशेन जाऊन फयातगा ऊ तुनशेन होणार होता. वास धुऊन काढायची ही जुनी रीत. साबणापेक्षा महाग, पण टिकते.

मग त्यानं खिशातून एक फोटो काढला. स्टुडिओतला होता, मागं रंगवलेला धबधबा. समोर खुर्चीत एक गोलमटोल म्हातारा, दोन हनुवट्या, गाल वर चढलेले, एक सोन्याचा दात दाखवत हसणारा.

"माझे वडील. गेले ते. चेहरा जरासा असा करा, मास्तर."

लाफे मास्तरचं पान तोंडातच थांबलं. "भगवंतांचा चेहरा..."

"जरासाच. हनुवटीत थोडा, गालांत थोडा. लोकांना कळायला नको. मला कळलं म्हणजे झालं."

"लोकांना कळायला नको तर मग काय उपयोग?" दॉ किन्मो म्हणाली.

मास्तरनं फोटो लांब धरला, जवळ धरला. त्याची मोठी मुलगी बाळंतपणाला आली होती, घराचं छप्पर गळत होतं, आणि तो मूर्तीचा दगड दोन पावसाळे तसाच पडून होता. "बघू," तो म्हणाला. मूर्तिकाराचं 'बघू' म्हणजे हो.

"पुण्य आहे हो," दॉ न्वेयी हळूच म्हणाली.

"बघा! आजीसुद्धा म्हणतायत," दॉ किन्मो खूश होऊन म्हणाली.

काही माणसांना टोचूनसुद्धा काही टोचत नाही. कातडीवरच सोनं इतकं असतं.

"कुठं बसवायचे भगवंत?" मास्तरनं विचारलं.

"सिन्योवाच्या विहारात. हमरस्त्यावरूनच दिसतो हो विहार. येणाऱ्याजाणाऱ्याला गाडीतून पाटीवरचं नाव वाचता येतं."

दॉ न्वेयीचा हात थांबला. सिन्योवा तिचं माहेर. तिथल्या विहारात ती लहानपणी नदीवरून पाणी वाहून नेत असे. आता या थंडीनंतर ती हे काम सोडून तिथंच जाऊन राहणार होती. भुरकट वस्त्र नेसायचं, झाडलोट करायची, सकाळ-संध्याकाळ सभागृहातल्या भगवंतांपुढं कपाळ टेकवायचं आणि उरलेलं आयुष्य तेवढ्यावर काढायचं. तिथली जुनी लाकडी मूर्ती वाळवीनं खाल्ली होती, नवी येणार असं ऐकून ती किती दिवस सुखावली होती. आणि आता कळलं, ती मरेपर्यंत रोज दोन वेळा नापीवाल्याच्या बापापुढं नाक घासणार होती.

ओठ मिटले गेले. पुण्य आहे, हेसुद्धा बाहेर पडलं नाही.

*

लाफे मास्तर बोलायला लबाड, पण हात लबाड नव्हता. त्यानं चौकोनी धोंड्यातून म्हातारा हुबेहूब बाहेर काढला. डोक्यावर उष्णीषाचा उंचवटा, लांब कान, अर्धवट मिटलेले डोळे, सगळं शास्त्राप्रमाणं. आणि त्याच्या खाली दोन हनुवट्या, फुगलेले गाल आणि ओठांच्या कोपऱ्यांत ते तृप्त हसू. सोन्याचा दात तेवढा राहिला.

मूर्ती घासायला आली तेव्हा तांदा तिच्यापुढं फतकल मारून बसली आणि बघतच राहिली. तांदाला दोन पोरं, नवरा रिक्षा चालवणारा, आणि तोंड अखंड चालू. "मावशी, हे भगवंत तर आत्ताच जेवून उठलेत!"

"असं बोलू नये."

"ढेकर देतील बघा. अगं बाई, आणि यांच्यापुढं तुम्ही आठ शीलं घेणार? दुपारनंतर जेवायचं नाही, हे यांना कोण सांगणार?"

दॉ न्वेयीनं मांडी-हात तांदाकडं दिले आणि स्वतः बाकावर चढून चेहऱ्याशी बसली. चेहऱ्याला फक्त पाणकागद लावायचा असतो, आधी खरबरीत, मग मऊ, मग त्याहून मऊ. कुरुंदाचा दगड लावायचा तो चौथऱ्याला, पाठीला, जिथं छिन्नीचे ओरखडे खोल असतात तिथं. दॉ न्वेयीनं कुरुंदाचा दगड पाण्यात बुडवला आणि खालच्या हनुवटीला लावला.

सोपं होतं ते. संगमरवर दिसतो तेवढा हट्टी नसतो. पांढरं पाणी मनगटावरून कोपरापर्यंत ओघळे आणि हनुवटी रोज थोडी जाई. घासता घासता ती भगवंतांचे नऊ गुण पुटपुटे, माळेवर म्हणते तसेच. हे व्रतच होतं तिच्या लेखी. दगडातून मांस काढून टाकायचं आणि भगवंत मोकळे करायचे.

पण नऊ गुण म्हणताना मधूनमधून दुसरी माळही चालू होई. एका मण्याला ऊ तुनशेन, ज्याला पिंपातल्या जिवांचा हिशेब एका दगडानं फेडायचाय. पुढच्या मण्याला दॉ किन्मो, जी सभेत पहिल्या रांगेत बसून मागं बघणार कोण कोण बघतंय ते. मग लाफे मास्तर, छपरासाठी भगवंत विकणारा. मग सिन्योवाचे विहारपती, ज्यांनी पाटीची जागा हमरस्त्याच्या बाजूला दिली. मग गल्लीतली ती सगळी तोंडं जी ऊ तुनशेनच्या गाडीला वाट करून देताना कमरेत वाकली होती. एकेकाला ती मऊपणानं, न रागावता, खाली उतरवत होती. राग हे पाप आहे. ती रागावली नव्हतीच. तिला फक्त ते सगळे जिथं होते तिथं दिसत होते, बरेच खाली.

"मावशी, हनुवटी गेली की हो एक," तांदा एके दिवशी खालून म्हणाली.

"धूळ बसली होती."

"एवढी?"

"खूप दिवस पडून होता दगड."

"बरं," तांदा म्हणाली. मग थोड्या वेळानं, "ओठ इतके नका हो मिटू काम करताना. चिकटून बसतील. मग 'पुण्य आहे' कशानं म्हणाल?"

गाल उतरले. राहता राहिलं हसू. त्याचीच तिला जास्त घाई होती. ते तृप्त, पोटभर, सोन्याच्या दाताचं हसू. ते पुसायला मुळी वेळ लागला नाही. संगमरवराचं हसू कणभरच असतं, ओठांच्या दोन कोपऱ्यांत. तिनं ते कोपरे घासले, वरचा ओठ घासला, खालचा जाड होता तो पातळ केला. मग पाणकागद, मग मऊ पाणकागद, मग ओलं फडकं. ती इतकी जवळ बसली होती की चेहरा तिला सबंध कधी दिसलाच नाही. एका वेळी एक गाल, एक कोपरा. चेहरा लांबून बघायचं काम मास्तरचं असतं.

मूर्ती न्यायला ट्रक आला त्या सकाळी लाफे मास्तर चहाचा पेला घेऊन समोर उभा राहिला. बराच वेळ उभा राहिला.

"माझी हनुवटी कुठं गेली, दॉ न्वेयी?"

"घासताना लागलं जरा जास्त."

हे खोटं नव्हतं. घासताना जास्त लागलंच होतं. चौथं, खोटं न बोलण्याचं शील तिनं मनातल्या मनात हातात घेऊन पाहिलं, तडा दिसला नाही.

मास्तर हसला. "जाऊ दे. त्याला काय कळतंय? ही माणसं चेहरा नाही बघत, पाटी बघतात. नाव बरोबर कोरलंय म्हणजे झालं." तो पुन्हा वर बघू लागला. "पण ओठांना तुम्ही..."

ट्रकवाल्यानं भोंगा वाजवला. हमाल दोर घेऊन आले, मास्तर "हळू, हळू, कान सांभाळा!" करत धावला, आणि ते वाक्य तिथंच राहिलं. दॉ न्वेयीलाही ते पुरं ऐकायचं नव्हतं. तिला बरं वाटत होतं. माहेरी भगवंत पाठवले, नापीवाल्याचा बाप इथं गटारात वाहून गेला.

*

सिन्योवात मांडव पडला होता. रस्त्याकडची पाटी खरोखर गाडीतून वाचता येईल एवढी होती. दॉ न्वेयी तांदाला बरोबर घेऊन आली होती. तांदाला फुकटचं जेवण आणि तिला सोबत. मूर्ती उंच चौथऱ्यावर बसली होती, डोळ्यांवर पट्टी बांधावी तसा चेहऱ्यावर पिवळा कपडा. चौथऱ्याला कठडा, कठड्यावर नेहमीची सूचना, बायकांनी वर चढू नये. कालपर्यंत तिचे हात ज्या गालांवर होते तिथं आता तिची सावलीसुद्धा पडायची नव्हती. त्याचं तिला काही वाटलं नाही. रीत आहे ती.

तिनं आणलेला सोन्याचा वर्ख मात्र कुणाकडं तरी द्यायला हवा होता. तेवढ्यात रेशमी लुंगी सावरत ऊ तुनशेन कठड्याशी आला. "द्या आजी, मी लावतो. कुठं लावू?"

"कुठंही," ती म्हणाली.

त्यानं वर्ख दोन्ही हातांनी घेतला, वर गेला आणि छातीवर, हृदयाच्या जागी, जपून लावला. वर्ख दुमडला तो. अर्थात दुमडला. पिंपं भरणारे हात ते.

भिक्खू आले. गाथा सुरू झाल्या, जन्मोजन्मी ज्यानं हे देहाचं घर बांधलं तो सापडला, असं सांगणाऱ्या. चेहऱ्यावरचा कपडा काढला. गाथा संपेपर्यंत तो दगड होता; संपल्या आणि भगवंत झाले. दगड घासता येतो.

सगळ्यांनी वर बघितलं. दॉ न्वेयीनंही पहिल्यांदाच तो चेहरा लांबून, सबंध बघितला.

कुठंतरी काहीतरी बरोबर नव्हतं. हनुवटी ठीक, गाल ठीक. डोळे झुकलेले, जसे हवेत तसे. पण त्या डोळ्यांखाली ओठ पातळ होते, घट्ट होते, आणि त्यांचे कोपरे किंचित खाली गेले होते. भगवंत सभेकडं बघत होते, आणि सभेत त्यांना कुणीच पटलं नव्हतं.

"अय्या," तांदा तिच्या कानात म्हणाली. "मावशी! तुम्ही!"

"गप्प बस."

"शपथ सांगते, तुम्हीच. दॉ किन्मो गल्लीत आली तेव्हा बसला होतात तशा. आता म्हणतील बघा, पुण्य आहे हो."

दॉ न्वेयीनं ओठ मिटले, आणि मिटता मिटता तिला ते जाणवलं, आतून, जसं वर दगडात दिसत होतं तसंच. तिनं घाईनं ते सैल केले. ते पुन्हा मिटले. इतक्या वर्षांची सवय होती ती.

समोर ऊ तुनशेन बोलायला उभा राहिला. हातात कागद होता, त्यावर पाहुण्यांची नावं, विहारपतींचे आभार, सगळं लिहिलेलं. त्यानं एकदा मूर्तीकडं बघितलं, आणि कागद हातातच राहिला.

"बाबा असेच होते," तो म्हणाला.

दॉ किन्मोनं त्याची बाही ओढली.

"नाही, थांब. मी मास्तरांना फोटो दिला होता. त्या फोटोत ते हसतायत. स्टुडिओवाल्यानं हसवलं होतं त्यांना. घरी ते कधी हसले नाहीत." "मी काही केलं ना, पहिल्या पगाराचं कापड आईला आणलं, दुकान काढलं, कारखाना काढला, काही केलं तरी ते असे बघायचे. ओठ असे. मला वाटलं होतं, निदान दगडात तरी हसतील. पण मास्तरांना कसं कळलं कोण जाणे. हेच ते. हेच बघत होते माझ्याकडं जन्मभर." त्यानं डोळे पुसले, मनगटानं, लहान मुलासारखे. "असू दे. भगवंतच आहेत ते. मी बाबांपुढं यायचो तसाच यांच्यापुढं येत जाईन."

तांदा मान उंचावून त्याच्याकडं बघू लागली.

दॉ न्वेयीला त्याची कीव यायला हवी होती. ती आली नाही. आधी आली ती चीड: हा माणूस भर सभेत बापाचं उणं काढतो, डोळे मनगटाला पुसतो, रेशमी लुंगी नेसून. मग तिनं वर बघितलं. तिथंही तेच लिहिलं होतं, शब्दन्‌शब्द, संगमरवरात, झळाळी देऊन. नापीवाल्याचा बाप गटारात वाहून गेला नव्हता. त्याचं फक्त मांस गेलं होतं. आतला जो होता, ज्याला पोरानं काहीही केलेलं कधी पुरलं नाही, तो तिनं रोज नऊ गुण म्हणत, पाणी घालत, घासून घासून बाहेर काढला होता. त्याला ओळखायला तिला फोटो लागला नव्हता.

आणि सकाळ-संध्याकाळ त्याच्यापुढं कपाळ टेकवायचं होतं. आता पाणकागद नाही, कुरुंद नाही. वर चढायलाच मनाई.

ऊ तुनशेननं सुरई उचलली. पाण्याची बारीक धार ताटात पडू लागली, आणि तो, कागदाशिवाय, म्हणाला, "आम्हाला आज जे पुण्य मिळालं ते सगळ्यांनी आमच्याबरोबर सारखं वाटून घ्या. माणसांनी, पशूंनी, दिसतात त्यांनी, न दिसतात त्यांनी. घ्या, घ्या, घ्या."

"साधु, साधु, साधु," म्हणून सभेनं आपापला वाटा घेतला.

दॉ न्वेयीचं तोंड उघडलं नाही. लोक सरसावून बसले, ताटं वाजायला लागली, मागं कुणी भाताच्या घमेल्याची चौकशी केली. घंटा झाली. पुण्य वाटून झालं होतं, आणि तिच्या वाट्याचं तसंच तिच्यापुढं पडून होतं, नापीचा वास येणारं. घ्यायचं तर ओठ उघडायला हवे होते. तिनं ते उघडले, दातांच्या जोरानं उघडावेत तसे.

"साधु," ती म्हणाली. एरवी तांदालाही ऐकू न जाणारा तिचा आवाज साऱ्या मांडवात गेला. "साधु. साधु."

माणसं वळून बघायला लागली. ऊ तुनशेननं भरल्या डोळ्यांनी तिला हात जोडले.

"ऐकू कमी येत असेल बिचारीला," दॉ किन्मो शेजारणीला म्हणाली.

'पुण्य आहे हो' जिभेच्या शेंड्यापर्यंत आलं. दॉ न्वेयीनं ते गिळलं आणि कपाळ फरशीला टेकवलं. एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा टेकवलं ते तिनं बराच वेळ उचललं नाही. तांदानं मग तिला दंडाला धरून उठवलं, "चला मावशी, पंगत बसली," असं म्हणत, आणि जेवायला जाताना दॉ न्वेयी चौथऱ्याकडं न बघता, कठड्याच्या कडेकडेनं गेली.